मनीचा रविवार

धोंडीराम. घेतलं नाव, उखाण्याबिखाण्याशिवाय. ज्या माणसापायी मी एवढी जळले त्याचं नाव घ्यायला मला कुणाची चोरी हाय? तोंडावर अहोजाहो, माघारी मात्र तो म्हणजे तोच.

निफाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातला हा धाकटा. जमीन थोडी, भाऊ लय, म्हणून नाशकात आला आणि अंबडच्या एका कंपनीत हापिसात शिपाई लागला. ऐंशी-ब्याऐंशी साल असंल. आम्ही सातपूरला बैठ्या चाळीत राहायचो, एकच खोली. मागं दुसऱ्या चाळीची भिंत, पुढं दार, खिडकी नायच. दिवसाढवळ्या बल्ब लावल्याशिवाय मला तांदळातला खडा दिसायचा नाय. माणूस तसा सरळ. दारू नाय, पत्ते नाय. घरी यायचं, चपला काढायच्या, जेवायचं आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचं. मला वाटायचं, स्वभावच मुका हाय, पदरी पडलं पवित्र झालं.

मग कंपनीत नवे साहेब आले. हापिस म्हणजे पत्र्याची शेड. खिडक्यांपुढं लोखंडी कपाटं लावून ठेवलेली, दिवसभर ट्यूबलाइट जळायची. कारकुनांची डोकी दुखायची, दुपारी डुलक्या, सारख्या रजा. साहेबांनी कपाटं हलवून खिडक्या मोकळ्या केल्या, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लावले, टेबलांच्या मधे कुंड्या मांडायच्या ठरवल्या. सगळं धोंडीरामवर सोपवलं. शेतकऱ्याचंच पोर ते, हाताला माती लागली आणि खुललं.

घरी बोलायलासुद्धा लागला. पण काय, तर हापिसचंच कौतुक. वाळ्यावर पाणी मारलं की कसा वास सुटतो, हेडक्लार्कचं डोकं कसं थांबलं, त्यांच्या गोळ्या कशा सुटल्या. मी आपली स्टोच्या धुरात खोकत ऐकायचे. तुझं काय दुखतंय गं, हे या माणसानं कधी विचारलं नाय. तिथनं माझा जळफळाट सुरू झाला.

बरं, रविवारी तरी सुट्टी ना? तर रविवारी आंघोळ करून, भांग पाडून स्वारी हापिसात. म्हणे कुंड्यांना पाणी घालायचंय. कुंडीला पाणी घालायला भांग कशाला लागतो, सांगा तुम्ही.

त्यातच एक दिवस ह्याच्या जोडीचा शिपाई भिकन दारात आला. धोंडीरामला गावी जायचं होतं, मागची व्यवस्था भिकनला सांगत होता. मी दाराआड पीठ चाळत होते. कानावर आलं ते असं:

"मनीला जप रे. ऊन लागू देऊ नको तिला. काल जरा मलूल दिसत होती, मंगलाबाईंनाही चैन पडत नव्हतं."

मंगलाबाई म्हणजे टेलिफोनवर बसणारी बाई, तिचं नाव मला ठाऊक होतं. ही मनी कोण? आधी म्हटलं, मांजर असंल. पण मांजरासाठी कुणी भांग पाडतं का? तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या अक्काबाईला सांगितलं, तर ती म्हणते, मुका बाप्या बोलायला लागला तिथंच तू ओळखायला पाहिजे होतंस. घ्या! आगीत तेल ओतायला शेजारीण कायम तयार.

मी त्याला विचारलं नाय. विचारून खोटं ऐकण्यापेक्षा भाजीत मीठ जास्त पडलेलं बरं. रोजच पडायला लागलं. तो मुकाट खायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचा, आणि मला अजूनच चीड यायची. मनी गोरी असंल. मनी शिकलेली असंल. मनीच्या लुगड्याला रॉकेलचा वास येत नसंल. दिवसभर डोक्यात हेच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनीत मशीनची पूजा असायची आणि घरच्या माणसांना बोलावणं असायचं. दरवर्षी मी कंटाळा करायचे. त्या वर्षी लग्नातलं लुगडं काढलं, नाकात नथ घातली. मनीला बघायचं होतं, आणि तिनंही मला बघायला पाहिजे होतं.

हापिसात पाय टाकला आणि अंगाला गार वारा लागला. सगळीकडं उजेड. मंगलाबाई पुढं आल्या, हातावर पेढा ठेवला आणि विचारतात, धोंडीरामभाऊंची मनी बघितली का? तोंडावर! मी पदर खोचला. म्हटलं, दाखवाच कुठं हाय ती.

त्यांनी बोट वर केलं. टेलिफोनशेजारच्या बाटलीतनं निघालेली एक वेल सुतळीवरनं चढत चढत सगळी खिडकी भरून बसली होती. मनी प्लांट. सगळं हापिस तिला लाडानं मनी म्हणायचं.

मी मनीला कोण समजून आले होते ते माझ्या तोंडावरच दिसलं असावं. मंगलाबाई हसल्या, भिकन तर पोट धरून हसला. मला काही हसू आलं नाय. बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या, वेलीशी काय भांडणार? आणि माझा नवरा तिथं ओल्या फडक्यानं तिचं एकेक पान पुसत होता, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हसून बोलत होता. हा माणूस हसताना दिसतो कसा, हे मी त्या दिवशी परक्या ठिकाणी बघितलं. खरं सांगते, मनी बाई असती तर एवढं लागलं नसतं.

घरी आलो, कुलूप काढलं, बल्ब लावला. मग म्हटलं, त्यातली एक फांदी मला पण आणून द्या.

तो चपला काढत होता. म्हणाला, "इथं नाय जगायची ती. उजेड नाय, हवा नाय. मरंल बिचारी."

"मी जगतेय ना इथं," मी म्हटलं.

त्यानं एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच राहिली. भिंतीकडं बघितलं, बल्बकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ बघत होता.

रविवार आला. तो हापिसच्या वाटेला लागलाच नाय. चाळमालकाच्या ओट्यावर जाऊन बसला, आमच्या छपरात एक काचेचं कौल बसवून द्या म्हणून. मी धुण्याच्या दगडावरनं ऐकत होते. मालक म्हणाला, एकाला दिलं की सगळे मागतील, आणि तू तर दिवसभर कामावर असतोस, तुला कशाला पाहिजे उजेड?

धोंडीराम म्हणाला, "मला नको. आत माझं माणूस राहतं."