उलटा चाललेला पट्टा

नववीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब, लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात आले, तेव्हा मी झाडलोट करायचे. तिथल्या विजेचं काम बघणाऱ्या मिस्त्रींनी मला वायरी जोडायला शिकवलं. एक दिवस कापसाच्या पट्ट्याच्या मोटारीला वेग सांभाळणारा नवा ड्राइव्ह बसवायचं काम एकटीवर सोपवलं. जमलं तर वायरिंगवर, नाही तर परत झाडू. चालू केला, तर पट्टा उलटा! मोटारीची दिशा बदलायला शिकवलं होतं तशी येणाऱ्या लाइनच्या दोन वायरींची अदलाबदल केली, तरी उलटाच. मला रडूच फुटलं.

"काहून रडून राह्यली वं पोरी?" मिस्त्री हसले. "कोनाची गाडी आधी आली, थे कापसाच्या ढिगात समजते का? ड्राइव्हबी आलेली वीज एका ढिगात टाकते, मंग आपल्या मनानं गठाणी बांधते."

म्हणजे अदलाबदल ढिगाच्या पुढे, मोटारीकडे जाणाऱ्या वायरींत! मी ओरडलेच. वीज बंद केली, आत साठलेली वीज उतरून ड्राइव्हचा दिवा विझेपर्यंत थांबले, दोन वायरी बदलल्या. पट्टा झटका न देता, हळूहळू वेग घेत सरळ निघाला!

मी पाया पडायला वाकले.

"पाया कायले पडतं? झाकण लाव, न् दुसऱ्या पट्ट्याचा ड्राइव्ह घेऊन ये."