कार्डावरचं नाव

पोरगी माझ्या हातात कवा आली ते मला कळलंच न्हाई. माझे हात पिठानं माखल्याले, माझं सात महिन्यांचं पोरगं खाली गोधडीवर बोंबलत हुतं, आनि दारात येक हवालदार नि दोन शिपाई. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या बाईच्या दंडाला धरलं हुतं. तिनं लेकरू माझ्याकडं टाकल्यावानी दिलं, मी झेललं, तवर ती बोळाच्या तोंडाला गेली बी. पायात चप्पल न्हाई, पन डोक्यावरचा पदर येका हातानं घट्ट धरल्याला. मी मागनं वरडले की लेकरू अंगावर पितंय, हिला कुठं न्हेता. हवालदार मान वळवून म्हनाला, "तुला बी पान्हा हाय ना? मंग पाज की." शिपाई हसले.

ती बाई आमच्यातली नव्हती. पूर्वेकडच्या पाकिस्तानातनं जीव घिऊन पळून आल्याली. पळताना नवरा चुकला, मेला का जिता ते तिला म्हाईत न्हाई, म्हनून भांगात कुंकू रोज भरायची. पोरगी कलकत्त्याकडं निर्वासितांच्या छावनीत झाली. तिथनं येका लष्करी सायबाच्या बायकूनं पोरं सांभाळाया म्हनून तिला भिंगारला आनलं. पुढं सायबाची बदली झाली. बाईसायबांनी जाताना कपाटं न्हेली, कुत्रं न्हेलं, हिला तेवढी ठिवली. मंग ती चार घरची भांडी घासायची नि आमच्या भिताडाला लागून ऱ्हायाची. मोडकंतोडकं मराठी बोलायची. तिला धरली तवा लढाई संपून दोन महिने झालते.

दुसऱ्या दिशी दोन्ही पोरं काखंत मारून मी चौकीत गेले. मालकांनी नगं म्हनून सांगितलं हुतं. ते लष्कराच्या डेपोत कामाला, माझ्यापायी नोकरी जाईल म्हनून रातभर कूस बदलत हुते. तरी गेले, कारन पोरगी माझ्या अंगावर पिईना, नुसती तोंड फिरवायची.

तिला जप्तीच्या सायकली ठिवत्यात त्या खोलीत कोंडलं हुतं. दारातनंच मुताचा वास आला. तिच्या चोळीचा पुढा दुधानं वला हून वाळून कडक झालता, आनि हवालदार टेबलापाशी बसून भजी खात हुता. तेलकट बोटं त्यानं तिच्या कार्डाला पुसली. निर्वासितांच्या छावनीचं कार्ड, येवढा येकच कागद तिच्याजवळ. त्यावर तिचं नाव, खाली नवऱ्याचं.

त्यानं सांगितलं की कार्ड चोरीचं हाय. बाईला नवऱ्याचं नाव इचारलं तर तोंड उघडत न्हाई, आनि आपन वाचून दाखवलं तर पदरात तोंड लपवती. म्हंजे चोर न्हाईतर हेर, आनि भवती सगळी छावनी लष्कराची.

मी पुढं झाले. म्हनले, सायेब, ती घेनार न्हाई नाव. आमी तरी कुठं घेतो? तिकडं बी तसंच असंल. आनि हिचा तर हरवल्याला, हिनं नाव घेतलं नि त्याचं काय बरंवाईट झालं म्हंजे?

"बरं," त्यानं भजं मोडलं. "मंग तू सांग तुज्या नवऱ्याचं. बघू किती वंगाळ हुतंय."

चार मानसं माझ्या तोंडाकडं बघाया लागली. लाज वाटत हुती ते खरं, पन भ्या बी हुतं. नाव घेतलं की ते ह्यो वहीत लिवनार, वहीतनं डेपोत जानार. मी खाली बघितलं.

"ही बी हेर निघाली," हवालदार म्हनाला, आनि परत तेच हसनं.

त्याची बायकू त्याचं नाव घेत असंल का वो? त्याला सगळं ठावं हुतं. फकस्त हेर पकडला म्हनून वरचा सायेब पाठ थोपटंल, येवढ्यासाठी त्यानं येका आईला लेकरापासनं तोडलं. पोरगी तिच्यापाशी दिऊ बी दिली न्हाई. मी घरी आले नि पानी तोंडात धरून पाच येळा थुकले. त्याच्यावर थुकले का माझ्यावर, कुनाला ठावं.

मिशनच्या शाळंतल्या येक किरिस्ताव बाई हुत्या, त्यांच्याकडं ती भांडी घासायची. चौथ्या दिशी त्यांनी मला टांग्यात घातलं नि नगरला वकिलाकडं न्हेलं. वकील म्हातारा, दम्याचा, बोलताना मधी थांबायचा. त्यानं मला नीट समजंल असं सांगितलं. मानूस हितलं असू दे न्हाईतर तिकडलं, धरल्यावर येका दिसाच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायलाच पायजे. केलं न्हाई तर ते कोंडनं बेकायदा. मोठा अर्ज मुंबईच्या हायकोर्टात करावा लागतो, त्याला येळ जाईल. पन बेकायदा कोंडल्याला मानूस हुडकून हजर करा, असा हुकूम हितला मॅजिस्ट्रेट बी दिऊ शकतो. फकस्त डोळ्यांनी बघितल्याल्या कुनीतरी शपथेवर लिवून दिलं पायजे. मिशनच्या बाई चौकीत गेल्याच नव्हत्या. डोळ्यांनी बघितल्याली मी येकटी, चौथी शिकल्याली.

त्याच दिशी कोर्टाच्या कचेरीत कारकुनानं कागद पुढं वढला. गाव इचारलं, वय इचारलं, मंग नवऱ्याचं नाव. मी बाईंकडं बघितलं. बाई सांगाया लागल्या तर कारकून म्हनाला, शपथ घेनारीनंच सांगायचं.

मंग मी घेतलं. उखान्याबिगर, परक्या बाप्यांत, काखंत दोन पोरं धरून. जीभ भाजल्यावानी झाली. कारकुनानं वर बी बघितलं न्हाई, लिवलं नि तारखेचा शिक्का मारला. मला वाटलं, येवढंच हुतं? हे चौकीत का न्हाई जमलं मला?

सातव्या दिशी तिला कोर्टात आनली. केसांच्या जटा झालत्या, अंग तापानं फनफनत हुतं. हवालदार इस्तरीचे कपडे घालून आलता. त्यानं वही उघडून दाखवली, बाईला आज सकाळीच धरलंय. गंगेवानी निवळ तोंडानं सांगितलं त्यानं. वकिलानं माझा कागद पुढं केला. ज्या बाईला आज धरली, तिला चौकीत कोंडल्याली बघितली असा ह्यो कागद, आनि त्यावर ह्याच कचेरीचा तीन दिसांमागचा शिक्का. हवालदार खोकला.

मॅजिस्ट्रेटनं तिला नवऱ्याचं नाव इचारलं. ती गप. तवा वकील म्हनाला, तिला सांगाया लावू नका, पाच नावं वाचा, कार्डावरचं मधीच कुठंतरी. कारकुनानं वाचली. पयल्या दोनला ती नुसती बघत ऱ्हायली. तिसऱ्याला तिनं पदर पुढं वढला नि तिचे खांदे हलाया लागले.

"पुरे," मॅजिस्ट्रेट म्हनाले. सोडा म्हनून हुकूम दिला. आनि हवालदाराला? पुन्हा असं करू नका म्हनाले, पोरानं शाई सांडल्यावर म्हनत्यात तसं. तो सलाम ठोकून गेला.

मला वाटलं झालं. पन तिचं दूध आटलं हुतं. पोरगी तिच्याकडं दिली की रडायची, माझ्याकडं आली की गप. सात दिसांत ती माझ्या अंगावर प्याया लागली नि मला आई समजाया लागली. तिनं ते बघितलं.

आनि ती सुटल्याच्या तिसऱ्या दिशी तोच हवालदार कागद घिऊन हजर. तिकडं आता नवा देश झालाय, सगळ्यांना माघारी धाडायचं, उद्या सकाळच्या गाडीला तयार ऱ्हावा. मिशनच्या बाई पळत वकिलाकडं जाऊन आल्या. वकील म्हनाला, ह्या येळी सही हाय, शिक्का हाय. भांडायचं तर मुंबईला, आनि गाडी उद्याची.

सांजच्याला ती माझ्या चुलीपाशी यून बसली. पोरगी माझ्या अंगावर पीत हुती. ती म्हनाली, "तू ठेव. तिकडं घर जाळलं. दूध नाही. तुझ्याकडं पिते ना."

मालक दारात हुते. डेपोच्या सायबानं त्यांना दोनदा बोलवून माझ्या शपथेच्या कागदाचं इचारलं हुतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

लेकराला आईपाशी न्यायचं म्हनून मी कोर्टात जाऊन आले, आनि आता आईच म्हनती ठेव. मी पोरगी सोडवली, तिच्या मांडीवर ठिवली. म्हनले, तुजी हाय, तूच ने. लई शहान्यावानी म्हनले. पन मनात तो हवालदारच हुता. उद्या तो यून हे लेकरू कुनाचं म्हनून इचारंल, हे भ्या. तिनं पोरगी पदरात बांधली नि उठली. मागं बघितलं न्हाई. भिताडापलीकडं पोरगी उजाडस्तवर रडली, आनि माझी चोळी वली हुत गेली.

तुमी बाया असाल, लेकुरवाळ्या असाल. ती पोरगी तुमच्या अंगावर पीत असती, आनि तिची आई ठेव म्हनली असती, तर तुमी काय केलं असतं?