चुडामणच्या कॉफीचे तीन रंग

जळगावच्या पिंप्राळ्यात चुडामण तायडेचं कॉफी भाजायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक फिरता ड्रम आणि पुढच्या फळीवर तीन रंगांची लेबलं लावलेली पाकिटं. पिवळी, निळी आणि पांढरी. या रंगांचा अर्थ गिऱ्हाइकांनी आपापल्या सोयीने लावून घेतला होता. पिवळा म्हणजे खंडोबाचा भंडारा, असं एक निवृत्त मास्तर ठासून सांगत. निळा कशाचा, हे तर पाटीवरचं तायडे आडनाव वाचूनच लोक ठरवून टाकत. पांढऱ्यापाशी मात्र सगळ्यांची गाडी अडे, कारण सर्वांत काळी, सर्वांत कडक कॉफी नेमकी पांढऱ्या लेबलात. चुडामण सगळ्यांपुढे मान डोलवी. कुणाचं मन कशाला मोडा!

खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि त्याची बायको सुनंदाबाईला. चुडामणला लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. दोन्ही मातकट. म्हणून ज्यांत त्याची फसगत व्हायची नाही, असे तीन रंग सुनंदाबाईने निवडले. हलक्या भाजणीला पिवळा, मधल्या भाजणीला निळा आणि कडकला उरलेला पांढरा. भंडारा नाही, काही नाही.

आता यात लपवण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण तीस वर्षांपूर्वी चोवीस वर्षांच्या चुडामणला तसं वाटलं नाही. त्याचे वडील चिंधा आबा मूळचे पारोळ्याचे. वरणगावच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली आणि पोरानेही तिथेच चिकटावं एवढीच त्यांची इच्छा. चुडामण लेखी परीक्षा पास झाला. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि म्हणाले, आकडा वाच. त्याला नुसते ठिपके दिसले. पुढच्याच महिन्यात लग्न ठरलेलं. नवऱ्या मुलाच्या डोळ्यांत दोष आहे हे मुलीकडे कळलं तर सोयरीक मोडणार, या धास्तीने त्याने घरी येऊन सांगितलं, "मला नाही करायची नोकरी. मीच सोडून आलो."

आबांनी दोन महिने अबोला धरला. अबोला सुटला, पण पोरगा मनातून उतरला तो उतरलाच. 'आंडोर कामले भिईसन पयना', म्हणजे पोरगा कामाला भिऊन पळाला, असं त्यांनी कारखान्याच्या कॉलनीभर सांगितलं. चुडामणने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. सुनंदाबाईला लग्नानंतर आठवड्यातच उलगडा झाला, कारण नवरोबांनी बाजारातून किलोभर हिरवेगार टोमॅटो आणले आणि म्हणाले, लालभडक आहेत बघ. ती पोट धरून हसली आणि भाजी आणायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. आबांना खरं सांगायचं तेवढं राहून गेलं. एक खोटं तीस वर्षं पोसलं की ते घरातलंच होऊन बसतं.

मग चुडामण मोहनलालशेठच्या भट्टीवर फुटाणे आणि शेंगदाणे भाजायला लागला. शेठच्या दक्षिणेतल्या पाहुण्यांनी एकदा कच्च्या कॉफीचं पोतं पाठवलं. ती भाजायची कशी, कुणालाच माहीत नव्हतं. चुडामणने कान लावला. दाणा एकदा मोठ्याने तडकतो, मग थोड्या वेळाने बारीक आवाजात पुन्हा तडकतो, हे त्याने पहिल्याच दिवशी पकडलं. दुसरे भाजणारे रंग बघतात, हा कानाने आणि नाकाने बघतो. पुढे शेठने जुना ड्रम देऊन टाकला आणि दुकान उभं राहिलं.

यंदा त्याची मुलगी स्नेहल कॉलेज संपवून दुकानात आली. मोहनलालशेठचा नातू अर्पित याने शंभर पाकिटांची ऑर्डर दिली, तर तिने दोन नवी लेबलं छापून आणली. कडकला लाल, हलक्याला हिरवं; मजकूर दोन्हींवर एकच, दुकानाचं नाव. सुनंदाबाई नको नको म्हणाली, पण का नको ते सांगता येईना. त्यात मावशीच्या नातीचं बारसं निघालं आणि मायलेकी दोन दिवस धुळ्याला गेल्या. जाताना स्नेहलने बजावलं, "पप्पा, लालचं रीळ डावीकडे, हिरव्याचं उजवीकडे." चुडामणला हायसं वाटलं. डावं-उजवं त्याला चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो निम्म्या पाकिटांना लेबलं लावून हात धुवायला उठला. तेवढ्यात दुकानातल्या खाटेवर बसून असणाऱ्या आबांनी पेपर पसरायला म्हणून टेबलावरची रिळं उचलली आणि वाचून झाल्यावर परत ठेवली. कशी ठेवली, ते त्यांच्याही लक्षात नव्हतं. उरलेल्या पन्नास पाकिटांना चुडामणने डावं-उजवं धरून तशीच लेबलं चिकटवली.

दुपारी मायलेकी आल्या. पाकिटांना बारीक पारदर्शक पट्टी होती. हिरव्या लेबलाखाली काळेभोर दाणे बघून स्नेहलचा पारा चढला. "पप्पा, लक्ष कुठे होतं तुमचं? पाच वाजता अर्पितचा माणूस येणार!"

आबा खाटेवरून अहिराणीत म्हणाले, "तेन्हं ध्यान कामवर कव्हय व्हतं? नोकरीना टाईमले बी असंच."

"मीच उलटं सांगितलं होतं त्यांना," सुनंदाबाई मध्ये पडली.

चुडामणने तिला हाताने थांबवलं. बायकोने आपल्यासाठी आणखी किती खोटं बोलायचं, याची त्याला लाज वाटली. तो आबांसमोर जाऊन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, डॉक्टर, लग्नाची धास्ती, सगळं.

आबांनी विचारलं, "मले काबरं नही सांगं?"

"लगीन मोडी जाई, असं वाटनं."

"बठ्ठी कॉलनीले सांगं मी. मन्हा आंडोर कामले भिईसन पयना, असं सांगं. आते तेसमाईन कोन ऱ्हायनं? कोनले जाईसन सांगू?"

सुनंदाबाई खाली बसून चुकीची लेबलं सोलायला लागली. मग आबांनीच बोटांवर हिशेब केला. त्यांच्या खात्यातला एकच सोबती उरला होता, वरणगावचा यादव.

"स्नेहल, यादवले फोन लाव."

यादवला ऐकू कमी येतं. आबांनी सांगितलं, "मन्हा चुडामण पयना नव्हता. तेन्हा डोयामा दोष शे. डॉक्टरनी नापास करं तेले." पलीकडून यादव विचारत राहिला, कोण पडलं, कुठे पडलं. आबांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी ते खाटेवरून उठून उभे राहिले. फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि पिंप्राळ्याच्या भर रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "पयना नव्हता! मन्हा आंडोर पयना नव्हता!"