दत्तूच्या विरोधात चौदा मतं

माझा धाकटा भाऊ दत्तू फौजेतून सुभेदार मेजर म्हणून रिटायर झाला आणि लखनौलाच राहिला. एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. तिथल्या मराठी मंडळाचं पत्र आलं, 'पाच वर्षं दत्ताभाऊच अध्यक्ष आहेत, आता तहहयात करतोय. त्यांच्यामागं अध्यक्षपदाचा मान त्यांच्या घरातच राहील. तुमच्या हातानं फेटा बांधायचाय.' फेटा घेतला, निघाले.

साताऱ्याहून एसटीनं पुणं, पुढं रेल्वे. थंडीत जाणार असाल तर गोधडी न्या नि डबा जास्तीचा. धुक्यानं आमची गाडी सात तास अडवली. चारबाग स्टेशनावरून अलीगंजला टेंपो मिळतो, आठांच्या जागेत अकरा कोंबतात. सकाळी चौकात मक्खन मलाई खाल्ली. नुसता फेस! पोट भरायचं तर पुरी-सब्जी खा.

दत्तूच्या घरी भाची म्हणाली, "आत्या, पापा नहीं मानेंगे."

"का रे दत्तू? लोक डोक्यावर घेतायत तर घे की."

"अक्का, मी काय राजा आहे?"

"लोक म्हणतात तर हो!"

तो चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "एकदा बर्फात मी पलटण चुकीच्या नाल्यात नेली. तिघांना बरोबर वाट ठाऊक होती. कुणी बोललं नाही. साहेब म्हणतायत म्हणजे बरोबरच. एका पोराच्या पायाची बोटं गेली. ते माझ्यावर जीव टाकायचे, म्हणूनच गप्प बसले."

मी फेटा पिशवीतच ठेवला.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे हार घेऊन आलेले. दत्तू उभा राहिला. "दोन वर्षांसाठी उभा राहतो. मतं चिठ्ठीवर. पण समोर कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे. नाहीतर मी चाललो."

कुणी हलेना. एक म्हणाला, "भाऊ, तुमच्यासमोर कोण उभं राहणार?" लोक हसले. दत्तू नाही हसला. चप्पल घालायला लागला.

तेवढ्यात बँकेतली एक बाई उठली. "भाऊ, गणपतीची आरती तुम्ही रात्री नवाला ठेवता. आमची पोरं झोपतात. चार वर्षं सांगायचं होतं. मी राहते उभी."

"चार वर्षं?" दत्तूचा चेहराच उतरला. मग म्हणाला, "बसा, चिठ्ठ्या फाडा."

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या. दत्तूच निवडून आला. पण घरी येताना स्कूटरवरून ओरडत होता, "अक्का, चौदा जण विरोधात! चौदा!" मेडल मिळालं तेव्हाही एवढा ओरडला नव्हता. आरती साताला झाली ती तेव्हापासून.

लखनौला जाल तेव्हा इमामबाडा बघा, गाइड घ्या, चिकनच्या भरतकामाचा कपडा घासाघीस करून घ्या. माझं म्हणाल तर घरी आल्यावर भजनी मंडळाच्या बायकांना विचारलं, "अठरा वर्षं मीच पुढं. माझं काही चुकतं का गं?"

सगळ्या म्हणाल्या, "छे, अक्का!"

त्या रात्री मला झोप लागली नाही.