शटरचे नट बाहेरून

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आज माझी पाळी नाही. पण दुपारी साकोलीत जे पाहिलं त्याची किळस अजून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबांच्या गॅरेजमध्ये एका कंत्राटदाराच्या ट्रकला मागे गुंडाळायचं लोखंडी शटर बसवत होते. त्या ट्रकमधून बालवाड्यांतल्या मुलांच्या पोषण आहाराची सुकडी जाते. मी मापं लिहून घेत होते.

शटर ज्या पट्ट्यांत सरकतं, त्यांचे नट बाबा आतून कसत होते. कंत्राटदार म्हणाला, "मिस्त्री, नट बाहेरून घ्या."

मी विचारलं, "काहून? मग तर पान्याने कोणीही पट्टी खोलते."

तो हसला. "तेच तर पाहिजे, मास्तरीणबाई. कुलपावरच्या सीलले हातबी लागत नाही न् मालबी निघते."

बाबांनी नट बाहेर घेतले. तो गेल्यावर म्हणाले, "मी नाही केलं तर दुसरा करते. तू शिकली, तुले समजते. मले गिऱ्हाईक तोडता येत नाही."

कंत्राटदारापेक्षा मला या उत्तराचीच जास्त किळस आली. आणि याच गॅरेजच्या कमाईवर मी बी.ए. झाले.

तक्रारीचा अर्ज लिहून ठेवला आहे. शटर कोणी बसवलं, ती ओळ अजून कोरी आहे. तुम्ही तिथे काय लिहिलं असतं?