विनोदिनीचं ‘नको’

आमच्या घरात बाईने जेवताना ‘नको’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘आणखी वाढा’ असा होतो. हा अर्थ कुणी ठरवला ते देव जाणे. माझी धाकटी जाऊ विनोदिनी लग्न होऊन आमच्या गावी, हळर्णाला आली, त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिच्या पानावर भाताचा डोंगर रचला. ती बिचारी हळूच म्हणाली, “पुरो, आई.” लगेच वर आणखी एक डाव पडला. “लाजतंस काय गे? खा! खात्यापित्या घरात इलंस तू!” मी शेजारीच बसले होते. मला हसू आलं होतं, कारण दोन वर्षांआधी माझंही असंच झालं होतं. माझी अंगकाठी लाकडासारखी, खाल्लेलं कुठे जातं कळत नाही. विनोदिनीचं तसं नव्हतं.

आधी वाढ-वाढ म्हणायचं, आणि मग ती वाढली म्हणून हसायचं. मेल्यांनो, हा कुठला न्याय? बसमध्ये ती शिरली की मागून आवाज येणार, “ड्रायव्हर, टायरात हवा आसा मां?” तिचा नवरा सगुण, माझा दीर, स्वतः कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. तोही ऐकून दात काढायचा. विनोदिनी शिवणकाम करते. अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्या हातचे. ब्लाउज शिवायला टाकायचे आणि जाता जाता विचारायचं, “तुझ्या मापाची टेप मिळता तरी खंय गे?” ती हसून सोडून द्यायची. मला मात्र विचारणाऱ्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत.

मग साखर आली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकू लागला. पणजीकडच्या एका खाजगी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटाची पिशवी लहान करून आतडं वर जोडावं लागेल, नाहीतर काही खरं नाही. विनोदिनी तयार झाली. तिने कुणाला विचारलं नाही. मला फक्त एवढंच म्हणाली, “वयनी, तीन दिवस माझ्या मशीनवर कापड घाल, उंदीर धागे खातत.”

घरी परतली तर बघायला रांग. काहींच्या हातात शहाळं, पण सगळ्यांच्या तोंडात कडू कारलं. “पोट कापून घेतलंस? त्यापेक्षा तोंड बंद ठेवलं असतंस!” असं म्हणणारी बाई स्वतः दोन कदेली, म्हणजे खुर्च्या, अडवून बसली होती आणि तिसरा लाडू खात होती. मी तिला चहा दिला नाही. सासूबाई मला नंतर बोलल्या, बोलू देत.

ऑपरेशन म्हणजे सुटका, असं लोकांना वाटतं. काय सांगू तुम्हाला! सुरुवातीला नुसतं पातळ. डाळीचं पाणी, ताक, माशाची आमटी गाळून. तीही घोट घोट, चमच्याने. मग कुस्करलेलं अंडं, मग मुडदुशी माशाचं मऊ मांस, काटा काढून, चावून चावून त्याचा चोथा होईपर्यंत. जेवताना पाणी प्यायचं नाही. अर्धी वाटी संपवायला तिला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात मी भांडी घासून यायची. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा हॉर्न वाजवत आला की विनोदिनी खिडकीशी जाऊन उभी राहायची. गरम उंडो, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून खाणं ही तिची आयुष्यातली एकमेव चैन. आता पावाचा घास छातीत अडकायचा. एकदा तिने उंडो हातात घेतला, नाकाशी धरला आणि परत ठेवला. मग आत जाऊन रडली. भूक नव्हती तिला. पण भूक नसली म्हणून पावाची माया थोडीच सुटते?

आमच्या चुली वेगळ्या, अंगण एक. तिच्या चुलीवर सासूबाईंचं राज्य. विनोदिनी वाळत चालली तशी सासूबाईंचा जीव वर-खाली. त्यांची माया खोटी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण त्यांच्या मायेला हातात डाव असल्याशिवाय बोलता येत नाही. एके दिवशी त्यांनी मणगणं केलं. चण्याची डाळ, साबुदाणा, नारळाचं दूध, गूळ. आणि पाणी ओतून ओतून पातळ केलं.

“डाक्टरान पातळ खा म्हणून सांगल्यान ना? ह्यां बघ, पाण्यासारख्या केलंय.”

“आई, गोड नको सांगलाहा.”

“साखर नको सांगल्यान. ह्यो गूळ!”

आता यावर काय बोलणार? विनोदिनीने नाही म्हटलं, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि विनोदिनीने वाटी तोंडाला लावली. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटू लागले, छाती धडधडायला लागली. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आता पोटात गोड थांबत नाही, थेट आतड्यात उतरतं, म्हणून असं होतं; गूळ असो की साखर, आतड्याला सारखंच. तिला आडवी करा, आणि यापुढे अजिबात नको, कुठे पडली-बिडली तर जिवावर बेतेल. मी हे सासूबाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, “दृष्ट लागली गो तिका.” आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या.

त्यानंतर आला देवळातला महाप्रसाद. दर वर्षी आमच्या गावात पंगत बसते आणि शेवटी मणगणं वाढतात. विनोदिनी भातच घेणार नव्हती, नुसती देवीला हात जोडून परतणार होती. पण सासूबाईंनी तिला पंगतीत बसवलं, आणि वाढपी समोर उभा. “वयनी, प्रसादाक नको म्हणतत?” मागून सासूबाई, “प्रसाद आसा गे, प्रसाद बादत नाय.” सगळी पंगत बघतेय. सगुण समोरच्या ओळीत, पण मान पानात. तिने दोन घोट घेतले. वाढप्याने वाटी पुन्हा भरली. “पुरो, पुरो,” ती म्हणत राहिली, आणि वाटी भरतच राहिली.

पंगत उठली आणि विनोदिनी सभामंडपात खांबाला धरून थरथरू लागली. घामाने ब्लाउज भिजला, डोळे अर्धे मिटले. मला कळलं काय झालंय. मी ओरडले, “आडवी करा तिला! वारा घाला!” पण तेवढ्यात कुणीतरी बोललं, “अवसर इलो!” म्हणजे अंगात देवी आली. झालं! घंटा वाजू लागली. एकीने तिचा अंबाडा सोडला, दुसरीने कपाळभर पिंजर फासली. मी आत घुसू लागले तर मलाच मागे ढकललं. “मनीषा वयनी, देवाच्या मधी बोला नको.”

देवीवर माझी श्रद्धा आहे. तिच्या पायाशी डोकं ठेवल्याशिवाय मी चतुर्थीचा नारळ फोडत नाही. पण आमची देवी मणगण्याच्या वाटीत बसून येत नाही, एवढी अक्कल मला तिनेच दिली आहे.

देवळाचा एक मानकरी, कृष्णनाथ, पुढे झाला. हा माणूस पेडण्याच्या बाजारात सुकी मासळी घेतानाही गाऱ्हाणं घातल्यासारखा बोलतो. हात जोडून म्हणाला, “आवशी, माऊली, माझी डोंगराकडची काजूची बाग बंगलेवाले विकत मागतत. देऊ की नको देऊ?”

विनोदिनीच्या समोर वाढपी अजून मणगण्याचं भांडं घेऊन उभा होता. ती त्या भांड्याकडे बघून कसंबसं म्हणाली, “नको... नको... पुरो!”

“होय म्हाराजा!” सगळा मंडप गरजला. दुसऱ्याच दिवशी कृष्णनाथने बंगलेवाल्यांच्या माणसाला अंगणातूनच परत पाठवलं.

बघा, म्हणजे त्या बाईचं ‘नको’ गावाने पहिल्यांदा ऐकलं, तेही दुसऱ्याच कुणाचं म्हणून! माझं डोकं असं फिरलं की मी दोन दिवस देवळाकडच्या वाटेने गेले नाही.

मग घराकडे माणसं येऊ लागली. काल टायरातली हवा विचारणारे आज अंगणात चपला काढून हात जोडून उभे. सासूबाईंची मान ताठ झाली. सगुणलाही बरं वाटू लागलं, बसमधली माणसं त्याला ‘सगुणभाऊ’ म्हणू लागली. आणि एका दुपारी सासूबाई मला म्हणाल्या, “शुक्रवारी मणगणां करूया म्हणतंय. तिका अवसर येयत. लोकां किती आशेन येतत.”

मी हातातली सुरी खाली ठेवली, कारण हातात राहू देणं बरं नव्हतं. “आई, तुम्हांक कळता काय तुम्ही काय बोलतास? तिका मारून देवी आणतल्यात?”

“मारूक कित्यां? मागच्या वेळी बरी झाली मां!”

मी तशीच विनोदिनीकडे गेले. ती मशीनवर बसून स्वतःचाच जुना ब्लाउज आत घेत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “शुक्रवारी घूम, आणि देवीच्याच तोंडान सांग, ह्या बाईक गोड दिलात तर गावाचा वाटोळा करीन. बघ कोण वाटी घेऊन येता ते!” मला माझी युक्ती फार आवडली होती.

तिने दाताने धागा तोडला. “वयनी, खरां सांगू? त्या दिवशी माका बरां पण वाटला. माझ्या पायाक कोणी हात लावल्यान नाय आजवर.” मग ब्लाउज उलटा करत म्हणाली, “पण देवीच्या तोंडान सांगलंय तर देवीचा ऐकतीत. माझा कधी ऐकतले?”

माझी युक्ती मी तिथेच सोडून दिली.

शुक्रवारी अंगण भरलं. कृष्णनाथ पुढे, हातात नारळ. सासूबाईंनी मणगण्याची वाटी विनोदिनीपुढे ठेवली, काठोकाठ. मी दारात उभी होते. ठरवलं होतं, तिने वाटी उचलली की वाटी उडवायची, मग गावाने मला वाळीत टाकलं तरी चालेल.

विनोदिनी पाटावर बसली नाही. उभीच राहिली. केस घट्ट बांधलेले, कपाळावर रोजची टिकली.

“माझ्या अंगात देवी येणा नाय,” ती म्हणाली. “गोड खाल्ला की माका घेरी येता. माझा पोट कापून लहान केलाहा. त्या दिवशी मी आजारी पडलंय आणि तुम्ही माझ्या पाया पडलात.”

कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, “देवी परीक्षा बघता.” कृष्णनाथ गोंधळला. “मगे माझी बाग? तू नको म्हटलंस ना?”

“तुझ्या बागेक नाय म्हटलंय. वाटीक म्हटलंय. बागेचा काय ता तू ठरव, तुझी आसा. पण ता ‘नको’ माझा होता, कृष्णनाथदादा. मी जेवतना म्हटलंय, कोणी ऐकूक नाय. आईंक म्हटलंय, ऐकूक नाय. माझ्या घोवान तर मान वर केल्यान नाय. बावीस वर्षां म्हणतंय. तुम्ही ता उचललास आणि देवीक दिलास. आता ता माका परत द्या.”

सगुण अंगणाच्या कडेला उभा होता. त्याने या वेळी मान वर केली होती, पण त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. बरं झालं, मेल्या.

माणसं एकेक करून उठली. सगळी रागावलेली. एक बाई फाटकातून बाहेर पडताना म्हणालीच, “बारीक झाली तशी मिजास वाढली.” मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कृष्णनाथ मात्र नारळ हातात घेऊन विनोदिनीजवळ आला. मग म्हणाला, “बाग विकूक माझाही मन नव्हता. पण घरातले माझा ऐकत नव्हते.” आणि नारळ घेऊन गेला.

सासूबाईंनी वाटी उचलली आणि धाडकन भांड्यात उपडी केली. सगळी दुपार भांडी आपटत राहिल्या. मला वाटलं, आता या घरात चार दिवस चूल तरी नीट पेटते की नाही.

तिन्हीसांजेला मी ताक घेऊन तिच्या घरात गेले. विनोदिनी पानावर बसली होती. सासूबाई समोर, डाव हातात, तोंड फुगलेलं, नजर भिंतीकडे. मुडदुशीची आमटी होती. डाव तिच्या वाटीवर आला आणि मधेच थांबला.

“किती वाडू?” सासूबाईंनी भिंतीलाच विचारलं.

विनोदिनीने वाटीवरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. सासूबाई डाव तसाच धरून बसल्या. म्हातारीचा हात दुखू लागला असणार. पण तिने काही वाढलं नाही. ती उत्तरासाठी थांबून राहिली.