आहेराचा पुरावा

मडिवाळप्पांना आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही, म्हणून त्यांचं स्वतःचं काही झालं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लातुरात भांड्यांचं लहानसं दुकान, घरचा भाव मागणारी निम्मी गिऱ्हाइकं आणि बावीस वर्षांत भाड्याची सात घरं. आठवं घर स्वतःचंच पाहिजे, असं त्यांच्या बायकोनं, नागम्मानं, ठणकावलं तेव्हा कुठे त्यांनी दोन खोल्यांच्या घराचा इसार दिला. महिन्याच्या आत कर्ज झालं नाही तर तो बुडणार होता.

फाइल बँकेच्या वकिलाकडे गेली. अमृतराव वकील म्हणजे कागदावर माशी बसली तर तिचाही दाखला मागणारा माणूस. त्यांनी वर्षाचं बँक स्टेटमेंट मागितलं आणि मे महिन्यात भरलेल्या शहाण्णव हजार चारशे रुपयांच्या रोकडीवर बोट ठेवलं.

"हे कुठून आले?"

"लेकाच्या लग्नातला आहेर हाय, साहेब."

"पुरावा आणा. देणाऱ्यांच्या सह्या पाहिजेत."

मग मडिवाळप्पा माझ्याकडे आले. कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. मी मजकूर करून दिला: 'मडिवाळप्पांच्या मुलाच्या लग्नात मी आहेर म्हणून रुपये ........ दिले.' रकमेची जागा मीच मोकळी सोडली. ज्याची त्यानं भरावी, म्हटलं. ही अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे.

ते कागद घेऊन उदगीरला गेले, मुखेडला गेले. आहेराचं पाकीट बंद असतं हो, पण कागद भरायचा चारचौघांत. शेजारी साडू बसलेला असताना पाचशे कोण लिहील? मेहुणा रविकांत यानं आधी खरे पाचशेच लिहिले होते. साडूचे एकवीसशे दिसले, तसं त्यानं एक शून्य वाढवलं.

"दाजी, आमी काय कुणापेक्षा कमी हाव का?"

दाजींनी कागद तसाच पिशवीत घातला. एका चुलत्यानं तर लग्नात रिकामं पाकीट दिलं होतं. त्यानं ऐटीत अकराशे लिहिले आणि वर यांनाच चहा पाजायला लावला.

सदुसष्ट कागदांची बेरीज झाली दोन लाख बारा हजार. अमृतरावांनी चष्मा काढला.

"आधी विचारत होतो, पैसे आले कुठून. आता सांगा, बाकीचे गेले कुठं?"

मडिवाळप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. इसाराचे दोनच दिवस उरले होते. तेव्हा नागम्मानं पिशवीतून वही काढली. लग्नानंतर पाकिटं फोडताना तिनं स्वतः लिहिलेली. नाव, गाव, रक्कम, आणि कुणाकुणापुढे शेरा: 'सहा जण जेवले, एकशे एक.' वकिलांनी बेरीज केली. शहाण्णव हजार चारशे, रुपयाचा फरक नाही.

"बाई, ही वही आधी का नाही आणली?"

"मला कुणी इचारलंच न्हाई."

कर्ज झालं, घर झालं. किल्ली घेऊन नागम्मा पेढे द्यायला माझ्या दुकानात आली आणि रडली. मलाही फार बरं वाटलं. माझी चूक निस्तरली, असं मी समजून चाललो होतो.

वास्तुशांतीच्या आधीच रविकांतच्या मुलीची लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर आली. पाठोपाठ एक फोटो आला, पाच हजार लिहिलेल्या त्या कागदाचा. सगळ्यांनीच फोटो काढून ठेवलेत, हे मग हळूहळू कळलं. आमच्याकडे घेतलेला आहेर तेवढाच परत करावा लागतो, जमलं तर थोडा चढूनच. आणि आता तर लेखी पुरावा होता, माझ्या टायपिंगमधला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नागम्मा नव्या घराच्या पायरीवर मोबाइल धरून बसली होती.

"बँकेचं वीस वर्सात फिटंल, भाऊ," ती म्हणाली. "पर ह्या सदुसष्ट घरांत लग्नाची लेकरं किती हायत?"